पडद्यावरचे सर

नर्सिंग शाळेतली ती वर्षं आठवायची म्हटलं, की मला आधी माझे पाय आठवतात. सकाळी सातला वॉर्डात उभं राहायचं ते दुपारी दीडपर्यंत. बेड करायचे, बेडपॅन द्यायचे, टेंपरेचर घ्यायचं, ड्रेसिंगची ट्रॉली लावायची आणि मोठ्या सिस्टरांच्या मागं मागं पळायचं. हॉस्टेलवर येऊन जेवेपर्यंत पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या असत. त्यानंतर अडीच वाजता आमचा शरीरशास्त्राचा तास असे, आणि तो तास घ्यायला वर्गात कुणीच येत नसे.

ही दौंडमधली गोष्ट आहे, दोन हजार सालानंतरच्या भारनियमनाच्या वर्षांतली. शाळा खाजगी होती, नुकतीच निघालेली. कामासाठी आम्ही सरकारी दवाखान्यात जायचो आणि वर्ग शाळेच्या वरच्या मजल्यावर भरायचे. शिकवायला पूर्णवेळ अशा एकच मॅडम होत्या. त्याच नर्सिंग शिकवत, त्याच हॉस्टेलची हजेरी घेत, भाजीवाल्याशी भांडतही त्याच. शरीरशास्त्राला मात्र डॉक्टर हवा होता. पुण्याहून दौंडला येऊन आठवड्यातून चार तास घ्यायला कुणी डॉक्टर तयार होईना. शेवटी संस्थेनं पुण्यातल्या कुणाशी तरी बोलून गच्चीवर डिश बसवली, वर्गात कॉम्प्युटर, प्रोजेक्टर आणि पांढरा पडदा आणला. मॅडमनी आम्हाला सांगितलं, "हा विषय आता ऑनलाइन. सर पुण्यात बोलतील, तुम्ही इथं ऐकायचं. माइक आहे, शंका असेल तर बटण दाबून विचारायची."

आम्हाला ते ऐकून बरं वाटलं होतं, हे खरं सांगते. आमच्यातल्या बहुतेकजणी मराठी शाळेत शिकलेल्या, खेड्यातल्या. पुण्यातल्या मोठ्या कॉलेजातले डॉक्टर आपल्याला शिकवणार, हे घरी सांगायला चांगलं होतं. पहिल्या तासाला आम्ही वेण्या घालून, ॲप्रन बदलून बसलो होतो.

पडद्यावर सर आले. छातीपर्यंतच दिसत होते. टक्कल, चष्मा, गळ्याशी घट्ट टाय. मागं निळी भिंत. ते म्हणाले, "दौंड, आवाज येतोय का?" पुढं बसलेल्या मुलीनं माइकचं बटण दाबून "येस सर" म्हटलं. मग त्यांनी दुसऱ्या गावाचं नाव घेतलं, मग तिसऱ्या. आमच्यासारखी आणखी बरीच सेंटरं त्यांना जोडलेली होती. आम्हाला ते दिसत होते. त्यांना आमच्यापैकी कुणीच दिसत नव्हतं, फक्त आवाज जायचा.

महिन्याभरात नवेपणा संपला. चित्र मधेच थिजायचं. सरांचं तोंड उघडं राहायचं आणि आवाज पुढं जायचा, नाहीतर आवाज जायचा आणि सर मुकाट्यानं हात हलवत राहायचे. प्रोजेक्टरसाठी खिडक्यांना जाड पडदे लावलेले, त्यामुळं वर्गात काळोख. दुपारी वीज गेली की इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर आणि पडदा तेवढा चालायचा, पंखे बंद. सहा तास उभ्या असलेल्या पोरी, जेवून आलेल्या, काळोख, उकाडा आणि एक संथ आवाज. डोळे उघडे ठेवणं माणसाच्या हातात राहायचं नाही.

हॉस्टेलात आम्ही एकमेकींना गावाच्या नावानं हाक मारायचो. माझं गाव शिरूरच्या थोडं पलीकडं, पण त्याचं नाव सांगत बसायला नको म्हणून मी नुसती शिरूर. एक पाबळ होती. केबल सैल झाली, डिश हलली की तीच गच्चीवर जायची, तिला त्यातलं कळायचं. पण जाताना म्हणायची, "आलं तर आलं, न्हाई तर झोपा सगळ्या." ती वर असेपर्यंत खाली आम्ही मनातल्या मनात म्हणायचो, न येऊ दे. माझ्या शेजारच्या पलंगावर कुरकुंभ होती. ही गोष्ट जास्त करून तिचीच आहे.

आम्ही लवकरच सोय करून घेतली. "येस सर" म्हणायची पाळी लावली. पाळी असेल तिनं पुढं बसून जागं राहायचं, सरांनी दौंडचं नाव घेतलं की बटण दाबायचं. बाकीच्यांनी बाकावर डोकं टेकायचं. कुणाला वाटायचं, हे बरंच आहे, सर विचारत नाहीत, ओरडत नाहीत. कुणी म्हणायचं, आपल्याला फसवलं, खरा मास्तर मिळाला असता तर आपण शिकलो असतो. बऱ्याचजणींना काहीच वाटायचं नाही. पुस्तक पाठ करू, पास होऊ, नोकरी लागेल. मॅडमना हे सगळं माहीत होतं. एकदा त्या मागच्या दारातून आत आल्या, सगळा वर्ग आडवा पाहिला आणि हळूच म्हणाल्या, "झोपा, पण घोरू नका. माइक कधी कधी चालू राहतो." त्यांच्याही डोळ्यांखाली काळं झालेलं होतं. दार ओढून त्या गेल्या.

कुरकुंभ मात्र झोपत नसे. तिलाही झोप यायची. मधेच उठून ती पाण्याचा हात डोळ्यांवरून फिरवायची, पण परत येऊन बसायची. तिचे वडील कुरकुंभच्या एमआयडीसीत एका केमिकल कारखान्यात होते, शिफ्टमध्ये. ती लहान असल्यापासून त्यांच्या कपड्यांना वास यायचा, म्हणून त्यांचे कपडे घरच्यांपासून वेगळे धुतले जायचे. ते खोकायचे. हे ती मला कधीतरी केस विंचरताना सांगून गेली होती, सहज, जसं कुणी आपल्या घरी म्हैस आहे म्हणून सांगावं.

श्वसनसंस्था शिकवायला लागले तेव्हा एक तास असा झाला, की त्या दिवशी कुणीच झोपलं नाही. सर छातीत ऐकू येणारे आवाज सांगत होते. स्पीकरवर त्यांनी खऱ्या पेशंटच्या छातीचा आवाज लावून दाखवला, पण आमच्याकडं नुसती खरखर आली. त्यांना ते कसं कळलं कोण जाणे. कदाचित दुसऱ्या सेंटरवरून कुणीतरी सांगितलं असेल. त्यांनी तो बंद केला आणि म्हणाले, "जाऊ दे. असं करा. कानाजवळची केसांची एक बट घ्या, बोटांत धरा आणि कानापाशी चोळा. बारीक, कोरडा आवाज येईल. फुप्फुस खालच्या बाजूनं कडक व्हायला लागलं की श्वास आत घेताना असाच आवाज येतो. मला करून दाखवता येत नाही, माझ्याकडं केस नाहीत."

आम्ही हसलो. मग काळोखात बसलेल्या आम्ही सगळ्याजणी कानाजवळ केस चोळायला लागलो. तो आवाज खरंच येत होता. एखाद्या शिक्षकानं सांगितलेली गोष्ट आपल्याच कानाशी वाजावी, असं त्या वर्गात पहिल्यांदा झालं होतं.

सर म्हणाले, "काही शंका?" आणि नेहमीसारखे थांबले. कुरकुंभ उठली, पुढं गेली आणि तिनं बटण दाबलं.

"सर, माणसाला वासाच्या ठिकाणी काम असलं, आन् फुप्फुस असं कडक झालं, तर काम सोडल्यावर ते परत नीट व्हतं का?"

पडद्यावर सर तसेच बघत राहिले. आवाज पोचायला वेळ लागायचा, हे आम्हाला माहीत होतं. पण दुसऱ्या कुठल्या तरी सेंटरचा माइक उघडा होता, तेवढ्यात त्यातून एक मुलगी हसल्याचा आवाज आला आणि कुणीतरी "व्हतं का" असं कुरकुंभसारखं म्हणून दाखवलं. मग सर म्हणाले, "दौंड, आवाज तुटतोय. प्रश्न पुन्हा विचारा."

तिनं पुन्हा विचारला. या वेळी शुद्ध बोलायला गेली आणि अडखळली.

"दौंड, मला फक्त 'वास' एवढंच ऐकू आलं. जरा मोठ्यानं, पुन्हा."

तिसऱ्यांदा ती बटणावर बोट ठेवून उभी राहिली. आम्ही सगळ्याजणी तिच्या पाठीकडं बघत होतो. मग ती म्हणाली, "काही नाही सर. समजलं." आणि जागेवर येऊन बसली. हे वाक्य मात्र त्यांना स्वच्छ ऐकू गेलं. "छान," सर म्हणाले, आणि पुढचा मुद्दा घेतला.

संध्याकाळी मी तिला म्हटलं, "तू मॅडमना का न्हाई इचारत?" ती म्हणाली, "इचारून काय व्हनार. जाऊ दे." त्यानंतर तिनं माइकला हात लावला नाही. तिची येस सरची पाळी आली की मी बसायचे.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले. चौफुल्याला गाडी बदलून, न्हावऱ्यावरून शिरूर आणि तिथून गावाकडं. आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, शिरूरच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. मी पुण्याच्या डॉक्टरांकडून शिकते, हे त्यांनी डेपोभर सांगितलं होतं. जेवताना त्यांनी विचारलं, "तुमचं ते डॉक्टर मास्तर कसं शिकवत्यात?" मी पडद्याचं सगळं सांगितलं. ते घास हातात धरून ऐकत राहिले.

"म्हंजी त्ये तुला दिसत्यात."

"व्हय."

"आन् तू त्यांना दिसत न्हाईस."

"न्हाई. आवाज जातो फक्त."

घास खाऊन ते पाणी प्यायले. मग म्हणाले, "माझा बाप शाळंच्या वट्यावर बसून आयकायचा. आतलं मास्तर त्याला दिसायचं, पन मास्तरला त्यो दिसत न्हवता. दिसला तरी दिसत न्हवता. तवा आम्ही म्हनायचो, आमची पोरं आत बसत्याली." थोड्या वेळानं त्यांनीच स्वतःला सावरल्यासारखं केलं. "त्याची गोष्ट येगळी. तुझी येगळी. तू ध्यान देऊन आयक म्हंजी झालं."

आई त्यांच्यावर चिडली. पोरगी दमून आलीय आणि तुम्ही काय काढलंय, म्हणाली. आजोबांना कुणी मुद्दाम बाहेर बसवलं होतं. आम्हाला कुणी बाहेर बसवलेलं नव्हतं, फक्त दौंडला यायला कुणाला वेळ नव्हता. पण परत जाताना गाडीत मला सारखं वाटत राहिलं, की मी त्या तासाला झोपते ते नुसती दमते म्हणून झोपत नाही. आपण तिथं आहोत की नाही यानं कुणाला फरक पडत नाही, हे शरीराला आधी कळलं होतं.

त्या हिवाळ्यात कुरकुंभचे वडील आमच्याच वॉर्डात आले. सकाळी आम्ही दोघी ड्यूटीवर होतो. पुरुषांच्या वॉर्डात नवा पेशंट आलाय, दम लागतोय, म्हणून सिस्टरांनी ऑक्सिजन लावायला बोलावलं. कुरकुंभ ट्रॉली घेऊन पुढं गेली आणि कॉटपाशी थांबली. तिला कुणी कळवलंच नव्हतं. रात्रीची शिफ्ट संपवून निघालेल्या वडलांना तिच्या चुलत्यानं तिकडूनच गाडीत घालून आणलं होतं.

ते उशीला टेकून बसले होते, श्वास आखूड. तिला बघून म्हणाले, "तुझी ड्यूटी हाय का? मग तू तुझं काम कर."

तिनं तिचं काम केलं. नळी लावली, ऑक्सिजनच्या बाटलीत पाणी भरलेलं पाहिलं, नाडी मोजली. डॉक्टर तपासून एक्सरेला सांगून गेले. मागून मॅडम आल्या. मॅडमकडं शिकवण्यासाठी एक जुना स्टेथोस्कोप होता. त्याला कानात घालायच्या दोन जोड्या होत्या. एकाच छातीचा आवाज दोघींना एकदम ऐकता यावा म्हणून. तो त्यांनी कधीतरी स्वतः मिळवलेला होता आणि कुणाला हात लावू देत नसत. त्या दिवशी त्यांना ते कुरकुंभचे वडील आहेत हे माहीत नव्हतं. त्यांनी स्टेथोस्कोप काढला, एक जोडी तिच्या कानात घातली, दुसरी माझ्या, आणि तिला म्हणाल्या, "पाठीवर खाली ठेव. मामा, जरा लांब श्वास घ्या बघू."

वडलांनी श्वास घेतला. मला आवाज आला. कानापाशी केस चोळल्यासारखा, बारीक, कोरडा. मी तिच्याकडं पाहिलं. तिनं दुसऱ्या बाजूला चकती ठेवली, मग आणखी खाली. प्रत्येक श्वासाला तोच आवाज. तिनं कानातून जोडी काढून मॅडमच्या हातात दिली.

"ऐकलंस का? काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"हाय," ती म्हणाली. "तसाच हाय. सरांनी सांगितला तसा."

मग ती बाहेर व्हरांड्यात गेली. मी मॅडमना सांगितलं, तिचे वडील आहेत. मॅडमनी स्टेथोस्कोप गुंडाळून पिशवीत ठेवला आणि त्या व्हरांड्यात गेल्या. त्या दोघी काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. मी वडलांची उशी सरळ करत होते. ते मला म्हणाले, "बराबर वळाखलं का तिनं?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मग शिकतीय."

त्यांना पुण्याला हलवलं. कुरकुंभ त्यांच्याबरोबर गेली आणि बरेच दिवस आली नाही. तिकडच्या डॉक्टरांनी सांगितलं, की जे कडक झालंय ते परत मऊ होणार नाही. विडीनं झालं, वासानं झालं की कशानं, हे आता ठरवता येणार नाही. पण पुढचं वाढायचं थांबवता येईल, काम सोडलं तर. वडलांनी काम सोडलं. धाकटा भाऊ एका पाहुण्याच्या दुकानात लागला. सुरुवातीला ती शाळा सोडणार असंच ठरलं होतं. वडीलच नको म्हणाले.

परत आली तेव्हा तिचा निम्मा विषय बुडाला होता. मॅडमनी खटपट करून सरांच्या तासांच्या सीडी मागवल्या. शाळेतला कॉम्प्युटर दिवसभर ऑफिसच्या कामाला लागायचा, म्हणून रविवारी आणि सुट्टीच्या दुपारी आम्ही स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जायचो. प्लायवूडच्या खोक्यासारख्या त्या केबिनी. शेजारच्या केबिनींत पोरं गेम खेळत असायची, नाहीतर दुसरं काही बघत. मालक आमच्याकडं संशयानं बघायचा. दोन मुली एका केबिनमध्ये बसून टकल्या माणसाचं भाषण ऐकतात, हे त्याला पटायचं नाही. एकदा तो केबिनचा पडदा सारून डोकावला आणि सर मूत्रपिंड समजावून सांगताना बघून काही न बोलता गेला.

तिथं मी कुरकुंभची वेगळीच तऱ्हा पाहिली. सर एक वाक्य बोलले की ती त्यांना थांबवायची. माउस दाबला की सर थांबायचे, तोंड अर्धवट उघडं. ती पुस्तकात बघायची, लिहायची, मग त्यांना मागं न्यायची. "परत म्हना," ती पडद्याला म्हणायची. सर परत म्हणायचे. "अजून एकदा." सर अजून एकदा म्हणायचे, त्याच आवाजात, न कंटाळता. एकेका वाक्याला ती त्यांना चार-पाच वेळा फिरवायची. मी बाजूच्या स्टुलावर बसून पेंगायचे.

"वर्गात असं थांबवता आलं असतं तर," मी एकदा म्हटलं.

"वर्गात कोन थांबतंय आपल्यासाठी," ती म्हणाली. "हितं बरं हाय. कुनी आयकत न्हाई, कुनी हासत न्हाई."

हळूहळू तिला तो विषय आमच्यापेक्षा चांगला यायला लागला. आनंदानं शिकत होती असं मी म्हणणार नाही. वडलांच्या एक्सरेत डॉक्टरांनी काय दाखवलं ते तिला कळून घ्यायचं होतं, आणि कळून घेताना ती दरवेळी थोडी वाळायची. पण ती थांबली नाही. मी तिच्या नादानं बसायचे म्हणून मलाही काही काही आलं. वर्गात मात्र आम्ही दोघी आता बाकीच्यांसारख्याच डोकं टेकून झोपायला लागलो. सीडीवर परत मिळणार, मग जागं कशाला राहायचं?

शेवटच्या वर्षी तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक येणार होते. कोण येणार हे आदल्या दिवसापर्यंत कळलं नव्हतं. सकाळी शाळेच्या दारात रिक्षातून एक गृहस्थ उतरले आणि आम्ही सगळ्या व्हरांड्याच्या कठड्याशी आलो. तेच टक्कल, तोच चष्मा. पण ते फार बुटके होते. इतकी वर्षं आम्ही त्यांना छातीपर्यंतच पाहिलेलं. हातात रेक्झिनची बॅग, पायात धूळ बसलेल्या चपला. टाय नव्हता. ते आमच्यावरून नजर फिरवून आत गेले, जसं कुणी अनोळखी माणसांवरून फिरवतं. आम्हाला त्यांची चष्मा वर सरकवायची लकबसुद्धा पाठ होती.

परीक्षेत त्यांनी कुरकुंभला एका पेशंटची छाती तपासायला सांगितली. माझा नंबर तिच्यानंतरचा, म्हणून मी कॉटभोवतीच्या पडद्याच्या या बाजूला उभी होते. ती बोलली ते सगळं ऐकू येत होतं. कुठं ठेवलं, काय ऐकलं, काय ऐकलं नाही, हे तिनं न थांबता, तिच्या बोलीतच सांगितलं. शुद्ध बोलायची धडपड तिनं सोडून दिली होती.

"छातीवर इतका नीट हात कुणी बसवला तुझा?" सरांनी विचारलं.

"हात मॅडमनी. आवाज तुम्ही."

"मी?"

"केस चोळून बघा म्हनाला होता सर. दौंड सेंटर."

मग सर म्हणाले, "हां. दौंड." आणि पुढचा प्रश्न विचारायचा विसरून त्यांनी मला आत बोलावलं.

परीक्षा संपल्यावर मॅडमनी आम्हा दोघींना त्यांना स्टेशनवर सोडायला पाठवलं. दौंड जंक्शनला गाड्यांची कमी नाही, पण ते ज्या गाडीनं जाणार होते ती उशिरा होती. आम्ही बाकावर बसलो. सरांनी तीन चहा सांगितले. समोर मालगाडी उभी होती, तिच्या पलीकडं ऊन उतरत होतं.

मग तेच म्हणाले, "तिकडे कशी खोली असते सांगू का? एक कॅमेरा. त्याच्यावर लाल दिवा. दिवा लागला की बोलायला सुरुवात करायची. कॅमेऱ्यामागं एक माणूस असतो, तो वर्तमानपत्र वाचत असतो. विनोद केला तर हसलं कुणी की नाही, कळत नाही. शंका विचारा म्हटलं की किती थांबायचं, तेही कळत नाही. मी मनात दहापर्यंत आकडे मोजायचो."

"आम्ही झोपायचो सर," मी म्हणाले. मला ते बोलायचं नव्हतं, पण बोलून गेले.

"मला तशी शंका होती," ते म्हणाले. त्यांना राग आला नाही. चहाचा कप त्यांनी बाकाखाली ठेवला. "कॉलेजात समोर शंभर मुलं असतात, त्यांतली निम्मी झोपलेली दिसतात. तिथं निदान दिसतात. इथं मी सगळेच झोपलेत असं धरून चालायचो. तेच सोपं पडायचं." मग कुरकुंभकडं बघून म्हणाले, "तू झोपली नाहीस वाटतं."

"म्यापन झोपले सर. नंतर सीडी लावून आयकलं. लई वेळा."

"लई वेळा," ते म्हणाले, आणि हसले. "माझ्या बायकोनंसुद्धा मला एवढं ऐकलेलं नाही."

गाडी आली. जनरलच्या डब्यात गर्दी होती. त्यांनी आधी बॅग आत सरकवली, मग दांडी धरून चढले, जरा कष्टानं. आत गेल्यावर ते आम्हाला दिसलेच नाहीत. गाडी हलेपर्यंत आम्ही उभ्या राहिलो आणि मग चालत दवाखान्यात गेलो, कारण संध्याकाळची ड्यूटी आमचीच होती आणि आमच्या जागी कुणी थांबलेलं नव्हतं.

आम्ही दोघी पास झालो. कुरकुंभ बारामतीच्या एका दवाखान्यात लागली. तिच्या वडलांनी पुढं बरीच वर्षं काढली. दर काही महिन्यांनी ती रजा टाकून त्यांना पुण्याला तपासायला न्यायची. मी शिरूरला एका डॉक्टरांच्या हॉस्पिटलात राहिले. घर जवळ होतं म्हणून. तिथंही पाय दुखायचेच.

वर्षभरानं काही कागद राहिले होते म्हणून मी दौंडला गेले. वरच्या मजल्यावर प्रोजेक्टर नव्हता. खिडक्या उघड्या होत्या आणि एक तरुण डॉक्टर फळ्यापाशी उभे राहून शिकवत होते, जोरजोरात, मधेच एखादीला उभं करून. मी मॅडमना म्हटलं, बरं झालं, माणूस मिळाला. मॅडम सह्या करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मुली म्हणतात, पडद्यावरचे बरे होते. ते ओरडत नव्हते."

मी कागद घेतले आणि निघाले. चौफुल्याला शिरूरची गाडी खूप वेळ आली नाही. आली तेव्हा भरलेली होती. कंडक्टरनं आण्णांची मुलगी म्हणून ओळखलं आणि पुढं सरकायला जागा करून दिली. न्हावऱ्यापर्यंत मी उभी होते. तिथं उसाच्या टोळीतल्या बायका उतरल्या आणि खिडकीकडची जागा मिळाली.